रीत नावाचा रकाना

१९५३ सालच्या ऑगस्ट महिन्यात, म्हणजे महसुली वर्षाच्या अगदी आरंभी, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका अवर्षणग्रस्त तालुक्यात तलाठी म्हणून मी रुजू झालो, तेव्हा माझ्याजवळ मॅट्रिकचे प्रमाणपत्र, वडिलांनी शेजारच्यांकडून मागून आणलेली एक वळकटी आणि सुवाच्य हस्ताक्षर एवढेच भांडवल होते. आणि या तिहींपैकी शेवटच्या वस्तूने पुढल्या सदतीस वर्षांत मला काय मिळवून दिले व माझ्याकडून काय करविले, त्याचा जमाखर्च एकदा मांडावा असे फार दिवस मनात होते. तलाठी म्हणून शिरलेला मनुष्य तहसीलदार होऊन बाहेर पडला, तर आमच्या खात्यात त्याला भाग्यवान समजतात. नात्यातली, ओळखीतली, नव्याने नोकरीला लागलेली मुले म्हणूनच मधूनमधून माझ्याकडे येतात आणि काही उपदेश करा म्हणतात. खात्याच्या परीक्षा पहिल्या दोन वर्षांत उरका, आलेल्या कागदाचा निकाल त्याच आठवड्यात लावा, वरिष्ठाच्या दौऱ्याच्या आदल्या दिवशी दफ्तर आवरण्यापेक्षा ते रोज आवरा, असे काहीबाही सांगून आणि चहा पाजून मी त्यांची बोळवण करतो. त्यात खोटे काही नसते. पण जे सांगावयास हवे ते मी सांगितलेले नसते, हेही तितकेच खरे.

मी नोकरीला लागलो तो काळ मोठा चमत्कारिक होता. कुलकर्णी वतने नष्ट करणारा कायदा मुंबई सरकारने १९५० साली केला आणि १ मे १९५१ पासून तो अमलात आला. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माजघरात गावचे दफ्तर नांदले होते, त्यांच्या हातून ते काढून आमच्यासारख्या परगावच्या, पगारी आणि बदलीच्या माणसांच्या स्वाधीन करण्याचे काम नुकतेच उरकले होते. माझ्या सजात तीन गावे होती. त्यांतील मुख्य गावचे जुने कुलकर्णी, ज्यांना सारा गाव अण्णा म्हणे, ते माझ्याआधीच्या तलाठ्याला चार्ज देऊन मोकळे झाले होते, तरी सकाळी अंगात कोट घालून चावडीच्या कट्ट्यावर येऊन बसण्याची त्यांची सवय सुटलेली नव्हती. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत त्यांचे घर पेटले, तेव्हा भांडीकुंडी तशीच टाकून त्यांनी आधी दफ्तराचे रुमाल बाहेर काढले, असे गावकरी सांगत. त्यांतील एका रुमालाची करपलेली कड मी पुढे तीन वर्षे रोज हाताळली आहे. ज्याचे घर गेले आणि मागोमाग वतन गेले, त्या मनुष्याने आपल्या जागी आलेल्या एकवीस वर्षांच्या पोराचा द्वेष केला असता, तर त्याला कोणी बोल लावला नसता. त्यांनी मला मोडी शिकविली.

दुपारी चावडीत सामसूम झाली म्हणजे ते एखादा जुना कागद सोडून पुढे ठेवीत आणि वाचावयास लावीत. आकारबंद, फेरफाराची नोंदवही, खातेउतारा, आणि सात व बारा हे दोन नमुने एका कागदावर नांदत असल्यामुळे ज्याला सारा मुलूख सातबारा म्हणतो तो उतारा, यांचे परस्परांशी नाते त्यांनी मला एखाद्या घराण्याची वंशावळ समजावून सांगावी तसे सांगितले. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर, हे त्यांनी चावडीपुढच्या धुळीत काठीने रेघा ओढून दाखविले. नियमांची पुस्तके कचेरीत होती. परंतु पुस्तकातला नियम कशासाठी केला आहे हे सांगणारा मनुष्य मात्र भेटावा लागतो. फेरफाराची नोंद धरली की सातबाराला ती आधी शिसपेनने घ्यावयाची, नोटीस लागून हरकतीची मुदत टळली आणि सर्कलसाहेबांनी तस्दीक केली म्हणजे मगच तिच्यावर शाई चढवावयाची, हा नियम मी परीक्षेसाठी पाठ केला होता. अण्णा म्हणाले, “अरे, फेरफाराला नोटीस आहे, हरकत आहे, तस्दीक आहे, तुझी चूक धरायला दहा माणसं टपलेली असतात. पीकपाहणीत तसं नाही. तिथं तू लिहिशील ते लिहिशील, हरकत घ्यायला कुणी येत नाही. म्हणून तिथं आधी पाय, मग हात.” ते वाक्य मला फार आवडले. आवडलेले वाक्य आचरणात येतेच असे नाही.

पीकपाहणीच्या नमुना बारामध्ये पिकांची नावे, क्षेत्र, पाण्याचे साधन अशा रकान्यांच्या गर्दीत एक अरुंद रकाना असे. त्याचा मथळा ‘रीत’. जमीन मालक खुद्द करतो की कुळाकडून करवितो, हे तेथे केवळ आकड्याने दाखवावयाचे असे. खुद्द असेल तर एक, कुळ असेल तर तीन. त्या रकान्याची रुंदी करंगळीच्या पेराएवढी. पण १९४८ चा कुळकायदा झाल्यापासून त्या पेराएवढ्या जागेकडे जमीनमालकांची नजर जशी लागून राहिली होती, तशी ती कुळांची लागलेली नव्हती, कारण बहुतेक कुळांना असा काही रकाना असतो हेच ठाऊक नव्हते.

पहिल्या वर्षीच्या खरिपाच्या पाहणीत दोन गावे मी शिवारभर पायी फिरलो. बाजरीची कणसे मोजल्यासारखा प्रत्येक बांध ओलांडला आणि संध्याकाळी पायांत गेलेली कुसळे काढीत बसलो. तिसऱ्या गावाची एक वस्ती ओढ्याच्या पलीकडे पडत होती. त्या आठवड्यात मला ताप येऊन गेला होता, ओढ्याला पाणी होते, आणि तालुक्याकडे तक्ते पाठविण्याची तारीख उलटत आली होती. या तिन्ही सबबी खऱ्या आहेत आणि तिन्ही मिळूनही पुरेशा नाहीत. त्या वस्तीवरची बहुतेक जमीन एका बड्या खातेदाराच्या नावे होती. त्यांचा कारभारी मोठ्या अगत्याने चावडीत आला, सोबत दुधाची चरवी घेऊन आला, आणि ‘तात्या, तुम्ही कशाला त्रास घेता, मी गटवार सांगतो’ म्हणून गट आणि पिके सांगू लागला. तिकडच्या भागात तलाठ्याला तात्या म्हणतात. एकवीस वर्षांच्या माणसाला साठीची माणसे तात्या म्हणू लागली की त्याच्या डोक्यात जे शिरते ते माझ्याही शिरले होते. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. रीतीचा रकाना आला तेव्हा तो ‘खुद्द’ म्हणाला आणि मी ‘एक’ लिहिला. त्यानंतर पानभर ‘एक’ लिहिले. ताठ, एकसारखे, कित्त्यातल्यासारखे ते आकडे पाहून मला समाधान वाटल्याचेही आठवते.

दूध मी घेतले नाही. त्या वेळी मला प्रामाणिकपणाची कल्पना तेवढीच होती.

पुढल्या वर्षी पाहणीला बसलो तेव्हा मागल्या वर्षीचे पान समोर होते, आणि समोरच्या पानाशी विसंगत काही लिहिले तर जाब द्यावा लागतो. त्यामुळे ते ‘एक’ त्याही वर्षी उतरले आणि तिसऱ्याही वर्षी उतरले. अण्णांना हे कळले होते की नाही, ते मला सांगता येणार नाही. जमाबंदीच्या तपासणीला प्रांतसाहेब आले, त्यांनी दफ्तर चाळले, आणि ‘दफ्तर स्वच्छ, हस्ताक्षर नमुनेदार’ असा शेरा आपल्या हाताने लिहिला. माझ्या उत्कर्षाची ती पहिली पायरी. १९५६ साली त्याच शेऱ्याच्या बळावर मला मामलेदार कचेरीत कारकून म्हणून उचलण्यात आले, आणि ज्या पानांचे कौतुक झाले त्यांतच ओढ्यापलीकडचे ते पान होते, ही गोष्ट माझ्याही ध्यानात आली नाही.

कचेरीतल्या दिवसांविषयी विस्ताराने लिहिण्याजोगे थोडे आहे. बारनिशीवर सहा महिने, मग तगाईच्या टेबलावर, मग कुळवहिवाटीच्या शाखेत. अव्वल कारकून मोठे करडे गृहस्थ होते. टिपणीत विशेषण आले की ते लाल शाईने छाटीत. वाक्य लांबले तर छाटीत नसत, पण त्यात कर्ता कोण आहे हे मात्र विचारीत. ‘कार्यवाही करण्यात येईल’ असे मी एकदा लिहिले, तेव्हा ‘कोण करील?’ एवढेच समासात लिहून त्यांनी कागद परत पाठविला. खात्याच्या परीक्षा मी दोन्ही पहिल्या खेपेस उतरलो.

१ एप्रिल १९५७ हा दिवस त्या कचेरीतील कोणाही माणसाच्या स्मरणातून जाणे शक्य नाही. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले, आणि आण्याचे सव्वासहा पैसे करताना उरणाऱ्या अपूर्णांकांनी आमच्या वसुलीच्या हिशेबांत जो गोंधळ माजविला तो कित्येक महिने निस्तरत होता. पण त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट घडली, जिचा आवाज झाला नाही. तो कुळकायद्याखालील कृषक दिन होता. त्या तारखेला जो कुळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. आकाराच्या वीस पटींपासून दोनशे पटींपर्यंतच्या मर्यादेत किंमत ठरवावयाची, ती हप्त्याने फेडावयाची, आणि जमीन त्याची व्हावयाची. कागदावर याहून मोठी घटना त्या मुलखात शिवशाहीनंतर झाली नसेल. प्रत्यक्षात कुळांच्या याद्या करावयाच्या होत्या, आणि त्या याद्या आम्ही हक्कनोंदीवरून आणि पीकपाहणीवरून केल्या. ज्याचे नाव यादीत, त्याला नोटीस. ज्याचे नाव नाही, त्याने आपण कुळ असल्याचे सिद्ध करीत बसावयाचे. नोटीस मिळालेल्यांपैकीही कित्येकजण साहेबांपुढे येऊन ‘मला जमीन नको’ असा जबाब देत, आणि असा जबाब देताना त्यांची दृष्टी साहेबांकडे नसून दाराशी उभ्या असलेल्या मालकाच्या माणसाकडे असे, हे मी पुष्कळदा पाहिले. जबाब लिहून घेणाऱ्याला दाराकडे पाहण्याचा अधिकार नसतो.

ओढ्यापलीकडचा एक मनुष्य त्या दिवसांत कचेरीत आला. ३ एकर १७ गुंठे जमीन तो बापापासून कसत होता. यादीत त्याचे नाव नव्हते. त्याने अर्ज दिला होता आणि त्याची चौकशी लागली होती. मला व्हरांड्यात पाहून तो पुढे आला, मुंडासे काखेत धरून उभा राहिला, आणि काही आरोप म्हणून नव्हे, तर एखादी आठवण सांगावी तसा म्हणाला, “तात्या, तुमी तवा वस्तीवर आलाच न्हाईसा. म्या दोन दिस वाट बघितली. म्हातारीनं भाकरी बी करून ठिवली हुती.”

चौकशीत पीकपाहणी लिहिणारा म्हणून माझा जबाब झाला. ही नोंद तुमच्या हस्ताक्षरातील आहे काय, असे विचारले. मी होय म्हटले. नोंदी वेळच्या वेळी घेतल्या काय, असे विचारले. मी होय म्हटले. तुम्ही शेतावर समक्ष गेला होतात काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. जे विचारले नाही ते सांगावयाचे नाही, हे शहाणपण कचेरीत कोणी मुद्दाम शिकवीत नाही. ते तेथल्या हवेतच असते आणि वर्षभरात अंगात भिनते. दप्तरी नोंद अन्यथा सिद्ध होईपर्यंत खरी मानावयाची असते, आणि अन्यथा सिद्ध करावयास त्याच्याजवळ दोन शेजाऱ्यांच्या तोंडी साक्षींखेरीज काही नव्हते. ते शेजारीही त्याच मालकाची जमीन करणारे. अर्ज निकाली निघाला. त्या वर्षाअखेर माझी सर्कल इन्स्पेक्टरच्या जागेसाठी शिफारस झाली आणि ती मान्य झाली.

येथे मला पश्चात्तापाने रात्र जागून काढली असे लिहिता आले असते. तसे झाले नाही. नव्या हुद्द्याचा आनंद होता, घोड्याऐवजी सायकल मिळणार याची थोडी खंत होती, लग्न ठरले होते. फक्त एवढे झाले की सर्कल म्हणून पहिल्या गावी नोंदी तस्दीक करावयास बसलो असता एका वारसनोंदीवर सही करताना हात थांबला. मयताला तीन मुलगे दाखविले होते. मुलगी आहे का असे मी विचारले, तेव्हा ‘तिला दिली की, परगावी असती’ असे उत्तर आले. हिंदू वारसा कायदा १९५६ साली होऊन गेला होता आणि मुलीलाही वारसाहक्क मिळाला होता. पण गावाच्या लेखी दिलेली मुलगी ही दिलेलीच होती. मी सही केली नाही. सायकल काढली आणि त्या मुलीच्या सासरी, अकरा मैलांवर, जाऊन आलो. तिला जमीन हवी होती की नव्हती हे महत्त्वाचे नाही. तिने शेवटी भावांच्या नावे हक्क सोडलाच. पण तिचे नाव आधी लागले आणि मग कमी झाले, आणि दोन्ही गोष्टींना तिचा अंगठा होता.

पुढे ती माझी खोड झाली. जेथे कागद पुरेसा होता तेथेही मी जाऊन येऊ लागलो. माझ्या हाताखालचे तलाठी कंटाळत. एकाने तर माझे नाव ‘बांधावरचे साहेब’ असे ठेवले होते, आणि ते कौतुकाने ठेवले नव्हते. या खोडीच्या मुळाशी सद्‌गुण किती आणि भीती किती, याचा निवाडा मी केलेला नाही. परंतु खात्याला कारणाशी कर्तव्य नसते. स्थळपाहणीचा माणूस असा माझा लौकिक झाला, वादाची प्रकरणे माझ्याकडे येऊ लागली, आणि बढत्यांची साखळी सुरू झाली. अव्वल कारकून, मग नायब तहसीलदार. या अवधीत मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र आला. १९६६ चा जमीन महसूल कायदा १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाला आणि मामलेदारांचे तहसीलदार झाले. गावकरी मात्र पुढेही पुष्कळ वर्षे मामलेदारच म्हणत राहिले.

१९७२ च्या दुष्काळाविषयी चार शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण माझ्या गोपनीय अहवालातील सर्वांत चांगला मजकूर त्या वर्षाचा आहे. खडी फोडण्याची आणि पाझर तलावांची कामे माळोमाळ निघाली होती; हजेरीपट तपासणे हे आमच्याकडे असे. त्यातली खोटी नावे शोधण्याचा सर्वांनाच उत्साह, कारण खोटे नाव सापडले की कोणाला तरी निलंबित करता येते आणि वर्तमानपत्रात छापून येते. मी एका कामावर सकाळी सातला जाऊन उभा राहिलो. हजेरीपटावर नसलेल्या चौदा बाया खडी फोडीत होत्या. दूरच्या वाडीवरून चालत येईपर्यंत हजेरी संपलेली असे, आणि मुकादम त्यांना ‘बसा हातोडा घेऊन, उद्या बघू’ म्हणे. असे आठ दिवस चालले होते. एकीचे तान्हे मूल लिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत होते, आणि तिची मोठी मुलगी, पाच-सहा वर्षांची, हातातली सुकडी चिमूटचिमूट खात झोळीला झोका देत होती. त्या चौदा जणींची आठ दिवसांची मजुरी काढावयास मला अडीच महिने लागले आणि तेवढ्यासाठी मी लिहिलेल्या पत्रांची संख्या माझ्या संपूर्ण नोकरीतील कोणत्याही प्रकरणाहून अधिक असेल. खोटे नाव कागदावरून हुडकता येते. राहिलेले नाव कागदावर कोठून दिसणार? प्रशस्तिपत्रात या चौदा जणींचा उल्लेख नाही. ‘खर्चात केलेल्या बचतीबद्दल’ असा आहे.

अण्णा १९६४ च्या सुमारास वारले. मला पंधरा दिवसांनी कळले. त्यांना ते पान दाखवावे असे मला कधी तरी वाटले होते, पण अशा गोष्टींना मुहूर्त लागत नाही.

निवृत्तीपूर्वी दोन वर्षे, १९८८ मध्ये, माझी बदली फिरून त्याच तालुक्यात तहसीलदार म्हणून झाली. ओढ्यावर आता पूल होता. एके दिवशी नकलांचे काम पाहणारा अव्वल कारकून रजेवर असल्यामुळे नकला थेट माझ्या टेबलावर आल्या, आणि त्यांच्यामागून एक पंचविशीतला तरुण आत आला. त्याला गाडी गाठावयाची होती. १९५३-५४ च्या पीकपाहणीच्या एका पानाची नक्कल त्याने मागितली होती. दिवाणी कोर्टात काही चालू आहे, आज्याचे नाव कोठे लागते का ते वकिलांना पाहावयाचे आहे, असे तो म्हणाला. मी गावाचे नाव वाचले, गट वाचला, ३ एकर १७ गुंठे हे क्षेत्र वाचले.

रेकॉर्ड कारकुनाने अस्सल पान आणून ठेवले होते. कागद पिवळा पडला होता, पण शाई चांगल्या प्रतीची असावी. जराही पुसट झाली नव्हती. तो तरुण टेबलाशी वाकून पाहू लागला. “साहेब,” तो म्हणाला, “अक्षर मात्र तलाठ्याचं लई झाक हाय. छापल्यावानी.”

त्याला मी खुर्चीवर बसावयास सांगितले. तो बसला नाही. गाडीची वेळ झाली होती. नक्कल देणाराने ती अस्सलाशी ताडून पाहावयाची असते, म्हणून मी प्रत्येक रकान्यावर बोट ठेवीत गेलो. रीतीच्या रकान्यात अस्सलावर एक होता आणि नकलेवरही एक होता. खाली ‘अस्सलबरहुकूम खरी नक्कल’ असा शिक्का उमटलेला होता. त्याखाली मी सही केली, तारीख घातली, आणि कागद त्याच्या हातात दिला.